भासऱ्यांना न दिलेली गोळी

सासरी येऊन तीस वर्षं होत आली तरी मी माझ्या भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, एक शब्द बोलले नव्हते. आणि पहिल्यांदा तोंड उघडलं ते त्यांना नाही म्हणायला. लोक ही गोष्ट आजही माझ्या पाठीमागे सांगतात, पण अर्धी सांगतात. म्हणून मीच लिहून ठेवते.

सुरुवात माझ्या पायांपासून झाली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं आमचं गाव, शाळा गावाच्या टोकाला तलावाच्या पाळीखाली. दोन वर्ग एकत्र, शिक्षक दोनच, त्यामुळे दिवसभर उभंच. पन्नाशी ओलांडल्यावर रात्री पोटरीत गोळे यायला लागले. झोपेत अचानक पोटरी दगडासारखी व्हायची, पायाची बोटं आपोआप वळायची, आणि मी तोंडात पदर कोंबून उठून बसायची. नवरा उठून पाय दाबायचा. सकाळी त्याच पायावर उभं राहून पाढे घ्यायचे.

उपाय सांगणारे खूप होते. कोणी काळा दोरा बांधला, कोणी मोहाचं तेल दिलं. एकाने तांब्याचं कडं आणून दिलं, ते मी आठ दिवस घातलंही. शेवटी वैतागून तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

या बाई फार बोलत नसत, विचारत मात्र खूप. बीपीची कोणती गोळी घेता? सकाळी की रात्री? लघवी किती वेळा होते? पाणी किती पिता? शाळेत बाथरूम धड नाही म्हणून मी दिवसभर पाणीच पीत नसे, हे त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं आणि रागावल्या. रक्त तपासलं, बीपीची गोळी बदलली, भिंतीला हात टेकून पोटरी ताणायचा व्यायाम शिकवला. दोन महिने ते केलं. गोळे कमी झाले, पण गेले नाहीत. आठवड्यातून चार रात्री तरी यायचेच. मी परत गेले आणि म्हटलं, "बाई, आता काहीतरी द्या. वर्गात मी खुर्चीवर बसून झोपते आहे."

त्यांनी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, ती नीट पाहिली आणि मग चिठ्ठी लिहिली. लिहून झाल्यावर चिठ्ठी माझ्या हातात दिली नाही, स्वतःजवळच धरून ठेवली.

"हे क्विनीन आहे. जुने लोक कोयनेल म्हणायचे तेच. मी हे सहजी देत नाही. झोपताना एकच गोळी. एखाद्या दिवशी विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. कानात आवाज यायला लागला, कमी ऐकू आलं, नजर धूसर झाली, अंगावर निळे डाग दिसले, छातीत धडधडलं, तर त्याच दिवशी बंद करायची आणि माझ्याकडे यायचं. चार आठवड्यांनी तसंही यायचंच. फायदा नसेल तर बंद. घरात लहान मुलं आहेत?"

"जाऊबाईंचा नातू आहे, तीन वर्षांचा."

"मग कुलपात ठेवा. दोन-चार गोळ्या पोटात गेल्या तर मूल हाती लागत नाही. आणि दुसऱ्या कोणालाही द्यायची नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. ज्यांना हृदयाच्या ठोक्यांचं किंवा रक्त पातळ करायचं औषध चालू आहे त्यांना तर ही गोळी फार घातक. आता मी काय सांगितलं ते मला सांगा."

मी पंचवीस वर्षं मुलांकडून असंच म्हणवून घेत आले आहे, तरी माझी जीभ अडखळली. एक गोष्ट विसरले. त्यांनी ती पुन्हा सांगितली, माझ्याकडून म्हणवून घेतली आणि मगच चिठ्ठी सोडली.

मेडिकलवाला चिठ्ठी बघून हसला. "मॅडम, ये तो मलेरिया की गोली है. पैर में मलेरिया हो गया क्या?" नवरा सोबत होता. त्याला तो विनोद इतका आवडला की घरी आल्यावर अंगणात सगळ्यांना सांगितला. ओसरीवर भासरे बसले होते. त्यांनीही ऐकला.

आमच्या घराला अंगण एक आणि चुली दोन. एक जाऊबाईंची, एक माझी. भासरे घरातले मोठे, शेतीचा सगळा कारभार त्यांच्या हातात. माणूस वाईट नव्हता. माझ्या सासूच्या शेवटच्या दिवसांत त्यांनी स्वतः तिला उचलून उन्हात आणून बसवलेलं मी पाहिलं आहे. पण आमच्याकडे भावसून, म्हणजे धाकट्या भावाची बायको, भासऱ्याशी बोलत नाही. समोर आला तर पदर घ्यायचा, वाटेतून बाजूला व्हायचं, त्याच्या अंथरुणाला पाय लागू द्यायचा नाही. काही सांगायचं असलं तर तिसऱ्या माणसामार्फत. ते म्हणायचे, "तिले सांगा, शिक्षकांच्या पगाराचं का झालं." मी चार हातांवर उभी असायची. नवरा माझ्याकडे बघून तेच परत म्हणायचा, आणि मी नवऱ्याला उत्तर द्यायची. नवी नोकरी, बदल्या, मुलीचं लग्न, सगळं असंच चाललं. मी शाळेत सरपंचांशी भांडत होते, शिक्षणाधिकाऱ्यांसमोर उभी राहून बोलत होते, आणि घरात भिंतीशी बोलत होते.

गोळ्यांनी मला आराम पडला. पहिल्या आठवड्यात दोनच रात्री गोळे आले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं म्हणून मी एका जुन्या हजेरीच्या वहीत रोज लिहीत होते. गोळ्यांचा पत्ता, म्हणजे पाकीट, लोखंडी आलमारीत, किल्ली माझ्या पर्समध्ये.

अशात धानकापणी सुरू झाली आणि भासऱ्यांना ताप आला. दुपारी धानाच्या बांधीतून घरी आले ते कुडकुडत. दोन ब्लँकेटं घातली तरी खाट हलत होती. मग घाम सुटला, ताप उतरला, आणि ते उठून बसले, जेवले. एक दिवस बरा गेला. तिसऱ्या दिवशी त्याच वेळी परत थंडी. आमच्याकडे कोणालाही कळेल की हा हिवताप आहे.

जाऊबाई माझ्या चुलीपाशी आल्या. मी भाकरी थापत होते.

"तुयापाशी मलेरियाची गोळी हाये म्हनते ना. दोन दे त. यायले कोयनेल मानवते. लहानपनी तेच खाऊन बरे झाले होते."

"बाई, ती मी देऊ शकत नाही. त्यांना छातीच्या ठोक्याच्या गोळ्या चालू आहेत ना? ही त्यांना चालत नाही. आशाताईला बोलावते, ती रक्त बघेल."

"दोन गोळ्या मागून राहिली मी, तुयं सोनं नाई मागत."

"सोनं मागा, देते."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. एवढ्या वर्षांत आम्ही मीठ-मिरचीपासून बाळंतपणाच्या खाटेपर्यंत सगळं एकमेकींना दिलं होतं. त्या गेल्या, आणि अंगणातून मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "शिकली-सवरली बाई हाये ते. आपन अडानी."

मग नवरा आला. "देऊन टाक ना दोन. कापणी चालू हाये, मजूर लागलेले हायेत, दादा खाटेवर पडून राहिला त कोन पाहीन?"

"तुम्ही त्यांच्या गोळ्या गोंदियाहून आणता. कशाच्या आहेत त्या?"

"छातीच्या."

"मला डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं आहे, असल्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला ही द्यायची नाही. ठोके बिघडतील. उद्या काही झालं तर तुम्ही म्हणाल, हिने दिली."

"काही होत नाही एका गोळीनं."

मी भाकरी उलटली. मला माझी खात्री होती, पण घरात एकटं पडण्याची भीतीही होती.

थोड्या वेळाने भासरे स्वतः ओसरीवर येऊन बसले. अंगावर घोंगडी, डोळे लाल. नवऱ्याकडे बघून पण माझ्या दाराकडे आवाज फेकून म्हणाले, "तिले म्हनावं, मी कोनाचं फुकट घेत नाही. तिच्या गोळीचे पैसे घेऊन घे म्हनावं. घरातल्या मानसाले औषध नाही देत, हे कोनती रीत होय?"

नवऱ्याने माझ्याकडे वळून तोंड उघडलं. तो आता हेच परत म्हणणार होता. आणि मला एकदम सहन होईना. त्या माणसाचा जीव धोक्यात आहे, ते मला कळतं आहे, आणि मी ते नवऱ्याच्या तोंडून निरोप म्हणून पाठवायचं? मध्येच नवरा 'जाऊ दे, नंतर पाहू' म्हणाला तर?

मी दाराबाहेर आले. डोक्यावर पदर होता, तो काढला नाही. पण तोंड त्यांच्याकडे केलं. त्यांना काय म्हणून हाक मारायची हेच मला ठाऊक नव्हतं. तीस वर्षांत गरजच पडली नव्हती. नवरा म्हणतो तेच तोंडात आलं.

"दादा, गोळी मी देणार नाही. पैसे घेऊन नाही आणि पाया पडलात तरी नाही. तुमच्या छातीच्या औषधाबरोबर ती गेली तर तुम्ही खाटेवरून उठणार नाही. आणि माझी गोळी पायासाठी मोजून दिलेली आहे. मलेरिया तेवढ्याने बरा होत नाही, त्याचं औषध वेगळं, माप वेगळं. मी आशाताईला आणते. तुम्ही बोट द्या."

जाऊबाईंनी तोंडावर हात ठेवला. भासरे भिंतीकडे बघत होते. मग ते नवऱ्याला म्हणाले, "हे कोन बोलून राहिलं?"

"मी," मी म्हटलं.

ते उठून आत गेले.

मी आशाताईच्या घरी गेले. ही पोरगी माझीच विद्यार्थिनी. दुसरीत असताना अक्षर असं काढायची की मी तिला रोज ओरडायची. आता ती गावची आशा कार्यकर्ती, प्रत्येक तापाची नोंद तिच्या वहीत असते. ती जेवायची राहिलेली तशीच उठली, किट घेऊन आली.

भासरे पुन्हा थंडीने कुडकुडत होते. "तापाले रक्त कायले लागते? कापनी सोडून हे खेळ!" म्हणून त्यांनी हात घोंगडीत खुपसला.

आशाताई म्हणाली, "बाबाजी, सुई टोचली त मुंगी चावल्यावानी लागते. तुमी वाघाच्या जंगलात मोहा वेचाले जाता, अन् याले भेता?"

हात बाहेर आला नाही. तेव्हा जाऊबाई पुढे झाल्या. त्यांनी घोंगडीत हात घातला, नवऱ्याचा हात मनगटाला धरून बाहेर ओढला आणि आशाताईसमोर धरला. "टोच व माय," एवढंच म्हणाल्या. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पण मला त्या वेळी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

मलेरिया निघाला. आशाताईपाशी औषध होतं, पण छातीच्या गोळ्यांचं ऐकताच तिने पिशवी बंद केली. "हे मी नाही देनार. दवाखान्यात न्या. अन् घरात ज्या ज्या गोळ्या यायले चालू हायेत त्या सगळ्या संग घ्या."

नवऱ्याने शेजाऱ्यांची गाडी आणली. मीही बसले. कोणी बस म्हटलं नव्हतं. आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरांनी पिशवीतल्या गोळ्या टेबलावर ओतून एकेक पाहिली, छातीची पट्टी काढली, गोंदियाच्या डॉक्टरांना फोन लावला, आणखी एक रक्ताची तपासणी केली. मग दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या. एक तीन दिवस, दुसरी चौदा दिवस. पोट भरल्यावरच घ्यायची. लघवी काळपट झाली तर बंद करून लगेच यायचं. मी विचारलं, "घरातली कोयनेलची गोळी यांनी घेतली असती तर?" डॉक्टरांनी त्यांच्या छातीच्या गोळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हिचा अंश रक्तात वाढला असता. मग मी इथे काही करू शकलो नसतो, गोंदियाला धाडावं लागलं असतं. पोचले असते की नाही, माहीत नाही."

भासऱ्यांनी हे ऐकलं. परतताना गाडीत ते खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं होतं आता तरी घरात सगळं निवळेल. तसं झालं नाही. गोळी दिली नाही याचा राग त्यांच्या मनातून गेला असावा. मी समोर उभी राहून बोलले, त्याचा गेला नव्हता. चुलत घरच्या सासवा येऊन त्यांना बघून जात आणि जाताना माझ्या दाराकडे बघून एकमेकींना म्हणत, "लहानी भासऱ्यासंग बोलते म्हने."

तीन दिवसांत ताप गेला. पाचव्या दिवशी जाऊबाई हळूच म्हणाल्या, "ते गोळी नाही खात आता. म्हनते, ताप गेला, बाकीच्या राहू द्या, पुढच्या साली कामी येतीन."

मी त्यांच्या चुलीपाशी गेले, पत्ता घेतला, पाण्याचा पेला घेतला आणि जेवण झाल्यावर भासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिले. "दादा, अंगात राहिलेला मलेरिया या गोळीनं जातो. अर्धी सोडली तर परत उठेल."

ते माझ्याकडे न बघता जाऊबाईंना म्हणाले, "हिले शाळा नाही का?"

"शाळा आहे. गोळी घेतली की जाते."

घेतली. दुसऱ्या दिवशी परत तेच, तिसऱ्या दिवशीही. कधी ते तोंड फिरवून बसायचे, कधी पेला घेऊन गोळी मुठीत ठेवायचे. मी मूठ उघडेपर्यंत थांबायची. शाळेत मुलांना खडीसाखर लपवताना पकडते तशी. एकदा तर त्यांना सगळ्यांदेखत म्हटलं, "लपवालपवी माझ्यापाशी चालणार नाही."

आणि त्याच आठवड्यात मी स्वतः लपवत होते.

माझ्या गोळ्यांचा तिसरा आठवडा होता. पायाचे गोळे जवळपास थांबले होते. कितीतरी वर्षांनी सलग झोप लागत होती. आणि मग कानात एक बारीक आवाज सुरू झाला, रातकिडा बसल्यासारखा. पहिल्या दिवशी वाटलं, खरंच बाहेर किडा आहे. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलं कविता म्हणत होती, त्यांचे ओठ हलताना दिसत होते आणि शब्द मागून येत होते. मला सगळं आठवत होतं, डॉक्टरीणबाईंनी म्हणवून घेतलेलं एकेक वाक्य. तरी त्या रात्री मी आलमारी उघडली आणि गोळी घेतली. पुन्हा ते गोळे नकोत, एवढंच डोक्यात होतं. वहीत कानाबद्दल काही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेला घेऊन भासऱ्यांसमोर उभी होते. जाऊबाई काहीतरी म्हणाल्या. मी म्हटलं, "काय?" त्या परत म्हणाल्या. मी परत "काय?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा भासऱ्यांनी मान वर केली आणि सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझ्याशी बोलले, मध्ये कोणी नाही.

"तुले आयकू येऊन नाही राहिलं?"

मी पेला पुढे केला.

"त्या गोळीनं कान वाजते. माह्या बापाचे वाजत होते. मले ठाऊक हाये." त्यांनी माझ्या हातातला पेला घेतला, आपली गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले. "मले मूठ उघडाले लावते. तू उघड आता."

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. पण खोटं बोलायला जागाच नव्हती. "कालपासून वाजतात," मी म्हटलं. "परवापासून."

"मंग दवाखान्यात जा. शाळेले एक दिवस कुलूप लागत नाही."

त्या दिवशी अर्ज टाकून तालुक्याला गेले. डॉक्टरीणबाईंनी वही पाहिली, कान पाहिले, छातीची पट्टी पुन्हा काढली. "कधीपासून?" मी खरं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. "परवाच बंद करायची होती. आता ही गोळी तुमच्यासाठी संपली. पुढेही कोणत्या डॉक्टरांनी लिहिली तर हे सांगायचं, की मला हिने कान वाजतात." उरलेल्या गोळ्या त्यांनी मागून घेतल्या. घरून निघताना जाऊबाई म्हणाल्या होत्या, "एखादी त ठेव, लागली त." मी एकही ठेवली नाही. आठवड्याभरात कान शांत झाले.

गोळे परत आले आहेत, पण पूर्वीइतके नाहीत. मी शाळेत पाणी पिते. बाथरूमसाठी सरपंचांशी भांडले, आता दाराला कडी आहे. झोपण्याआधी भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणते. ज्या रात्री येतात त्या रात्री उठते, पाय जमिनीवर दाबते, शिव्या देते आणि झोपते.

भासऱ्यांच्या चौदा गोळ्या पुऱ्या झाल्या. ताप परत आला नाही. त्यांनी माझे आभार मानले नाहीत आणि मी ते मागितलेही नाहीत. चुलत सासवांपैकी एकीने लग्नघरात सगळ्यांसमोर मला विचारलं, "काऊन वं, भासऱ्यासमोर तोंड उघडाले लाज नाही वाटली?"

मी म्हटलं, "नाही वाटली. तुमच्यासमोरही नाही वाटत."

ती बाई माझ्याशी अजून बोलत नाही. न बोलो. गेल्या महिन्यात भासऱ्यांना तपासणीसाठी गोंदियाला जायचं होतं. ते माझ्या दारापाशी आले, खाकरले आणि म्हणाले, "उद्या चालशील का? तो डॉक्टर भरभर बोलते. मले विचाराले सुचत नाही."

मी रजा टाकली. त्यांच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरल्या, आणि काय काय विचारायचं ते एका कागदावर उतरवून घेतलं.